घरून काम, पण घड्याळ कोणाच्या हातात?

मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी झाली आणि ‘वर्क फ्रॉम होम’ हे शब्द ज्याच्या त्याच्या तोंडी बसले. घरी बसून दुसऱ्याचे काम करण्याची रीत जणू जगात प्रथमच निघाली, असा गाजावाजा झाला. आम्हा कापडवाल्यांना त्यात नवल वाटण्यासारखे काही नव्हते. आमच्या सोलापुरात चादरीचे गोंडे, टॉवेलची शिलाई, शाळेच्या गणवेशाचे काज-बटन ही कामे कित्येक वर्षांपासून बायकांच्या घरीच होत आली आहेत. विडीचे तर विचारूच नका. फरक एवढाच की या बायकांना कोणी नोकरदार म्हटले नाही आणि त्यांच्या कामाच्या वेळेची चर्चा कोणी केली नाही.

आता चर्चा होते आहे, कारण शिकलेल्या मुली या कामात आल्या. आमच्याच मोहल्ल्यात बी.कॉम. झालेल्या, टॅलीवर व्यापाऱ्यांचे हिशोब लिहिणाऱ्या, जीएसटीची विवरणे भरणाऱ्या चार-पाच मुली आहेत. एक जण गणवेशाचे मार्कर संगणकावर काढून देते. दोघी-तिघी पुण्याच्या कंपन्यांत होत्या, टाळेबंदीत लॅपटॉप घेऊन माहेरी आल्या आणि वर्ष-दीड वर्ष इथूनच काम करीत राहिल्या. सुई चालवणारी आणि संगणक चालवणारी यांच्या मजुरीत मोठे अंतर आहे हे मान्य. पण दोघींची अडचण जवळून पाहिली तर ती एकच निघते, आणि तिचा संबंध आपल्या बाजाराशी आहे. म्हणून या पानावर तो विषय घेणे आम्हाला जरुरीचे वाटले.

आधी जुन्या रीतीकडे पाहू. मुंबईच्या गिरगावात १९५९ साली सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास सुरुवात केली. तीच आजची लिज्जत पापडची संस्था. हजारो बायका तिच्यात आहेत आणि त्या पापड घरीच लाटतात. पण तिची व्यवस्था पाहण्यासारखी आहे. पीठ केंद्रावर मळले जाते. सकाळी बाई केंद्रावर येते, आदल्या दिवशीचे पापड तोलून देते, आपली मजुरी घेते आणि जमेल तेवढेच मळलेले पीठ घेऊन घरी जाते. पीठ संपले की काम संपले. रात्री दहा वाजता कोणी दार ठोठावून ‘आणखी दोन किलो लाटून द्या’ म्हणत नाही. बाईने काम घरी नेले, पण ते मोजून नेले, आणि देण्याघेण्याची वेळ ठरलेली राहिली. आमच्या मते या संस्थेच्या बरकतीत पापडाच्या चवीइतकाच या शिस्तीचा वाटा आहे.

दुसरे उदाहरण विडीचे. पाने, तंबाखू आणि सूत कारखान्यातून न्यायचे, घरी विड्या वळायच्या आणि परत नेऊन द्यायच्या. इथे शिस्त आपोआप आली नाही, ती कायद्याने आणावी लागली. १९६६ साली विडी कामगारांचा कायदा झाला आणि घरी बसून विडी वळणारी बाईसुद्धा त्यात कामगार ठरली. माल कमी दिला, विडी छाटून टाकली, छाटलेल्या विडीची मजुरी बुडाली, अशा तंट्यांचा निवाडा कोणी करायचा हेही त्यात लिहिले गेले. तो कायदा आता नव्या कामगार संहितांत सामावला गेला आहे. सोलापुरात विडी कामगार बायकांच्या चळवळीतून कुंभारीला दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, हे बाहेरगावच्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. जिचे घर हाच जिचा कारखाना, तिला घर मिळणे म्हणजे कारखान्याला जागा मिळण्यासारखेच आहे.

विडीचे हे गुणगान नाही. तंबाखूची धूळ त्या घरांतून मुलांच्या छातीत गेली आणि मोठ्या मुलींच्या शाळा विडीच्या सुपापाशी सुटल्या, हे सोलापूरकरांनी डोळ्यांनी पाहिले आहे. नगावर मजुरी दिली की बाईच्या जोडीला घरातले किती हात लागले, हे देणाऱ्याला दिसत नाही. गणवेशाच्या कामातही तेच होते. शर्टाचा धागा मुलगी कापते, बटणे सासू लावते, घडी नवरा घालतो, आणि आपण म्हणतो की अमुक बाई दिवसाला इतके नग काढते. तो एका बाईचा दिवस नसून तीन माणसांचा असतो. मजुरीचा दर ठरवताना ही गोष्ट कोणी धरत नाही.

आता संगणकाकडे येऊ. वर ज्या हिशोब लिहिणाऱ्या मुलींचा उल्लेख केला त्यांतील एक आमच्या चांगल्या माहितीची आहे. लहान मूल आहे, सासू-सासरे आहेत, नवऱ्याचे दुकान आहे. ती सहा व्यापाऱ्यांचे हिशोब घरून सांभाळते. जीएसटी १ जुलै २०१७ रोजी लागू झाला. दर महिन्याला विवरण भरणाऱ्या व्यापाऱ्यासाठी आता दोन तारखा पक्क्या आहेत. विक्रीचे विवरण ११ तारखेला आणि कर भरण्याचे २० तारखेला. म्हणजे काम कधी येणार हे महिनाभर आधीच ठाऊक. तरीही होते काय? व्यापारी रात्री साडेनऊला दुकान वाढवतो, जेवतो, आणि मग खिशातल्या बिलांचे फोटो मोबाइलवर पाठवतो. “बेटा, एवढी चार बिले टाकून दे.” एकाची चार, दुसऱ्याची सात, तिसऱ्याचे बिलच अस्पष्ट. मूल झोपल्यावर ती संगणक उघडते आणि एक-दीड वाजता बंद करते. सकाळी सहाला पाणी येते, तेव्हा उठावेच लागते.

आम्ही तिला विचारले की काम फार होते का. ती म्हणाली, “चाचा, काम जास्त आहे अशी माझी तक्रार नाही. ते कधी येईल याचा भरवसा नाही, ही तक्रार आहे. दुकानात नोकरीला असते तर आठ वाजता घरी जाते म्हणून उठले तरी असते. घरातून उठून कुठे जाऊ?”

घरून काम करणाऱ्या बाईला उठून जायला जागा नाही. काम देणारा समजतो की ती घरीच तर आहे, मग केव्हाही करील. घरची माणसे समजतात की ती घरीच तर आहे, मग चहा टाकील, दळण आणील, पाहुण्यांचे पाहील. दोन्हीकडून ‘घरीच तर आहे’. तिच्या दिवसावर दोन मालक आणि दोघांनाही दुसऱ्याची खबर नाही.

सरकारने २०२४ साली लोकांच्या वेळेची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रीचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटे विनामोबदला घरकामात जातात. जे पुरुष घरकाम करतात त्यांची ८८ मिनिटे. मुलांचे आणि वडीलधाऱ्यांचे करण्यात स्त्रियांची १३७ मिनिटे जातात, पुरुषांची ७५. या सरासऱ्यांची अशी सरळ बेरीज पंडितांना पटणार नाही, पण व्यापाऱ्याला अंदाज येण्यास ती पुरे. आठ तास पैशाचे काम, पावणेपाच तासांहून जास्त घरकाम, सव्वादोन तास मुलेबाळे. झाले पंधरा तास. सात तास झोप धरली तर उरतात दोन तासांहून कमी, आणि त्यात अंघोळ, जेवण, नमाज, आजारी माणसाला भेटणे सगळे आले. ज्या खतावणीत शिल्लक इतकी थोडी, तिच्यात रात्री साडेनऊची चार बिले कुठे बसवायची?

आणि हा साधा दिवस झाला. रमजानमध्ये पहा. सेहरीसाठी पहाटे उठणे, दुपारपासून इफ्तारची तयारी, रात्री तरावीहनंतरची आवराआवर. नेमक्या त्याच महिन्यात कपड्याचा बाजार तेजीत असतो आणि ईदच्या मालासाठी शिलाईवाल्या बायकांवर सर्वांत जास्त दडपण येते. आपल्याच घरची बाई महिनाभर कशी राबते हे आपण पाहतो आणि त्याच महिन्यात दुसऱ्याच्या घरच्या बाईला म्हणतो, ‘सत्तावीसव्या रात्रीच्या आधी माल पाहिजे.’ गणवेशाचा हंगाम असाच. शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, शाळांची मागणी उशिरा पक्की होते, मग एप्रिल-मेमध्ये सगळे काम एकदम कोसळते. सोलापूरचा मे महिना ठाऊक आहेच. पत्र्याच्या घरात दुपारी मशीनवर बसवत नाही, म्हणून शिलाई रात्री होते. मुलांना सुट्टी, म्हणून ती घरभर. दिव्याचे आणि पंख्याचे बिल बाईच्या मीटरवर. हा खर्च आपल्या हिशोबात कुठल्याच रकान्यात पडत नाही.

घरून काम वाईट, असा याचा अर्थ कोणी काढू नये. चीनमधील एका मोठ्या प्रवास कंपनीने टेलिफोनवर काम करणाऱ्या आपल्या माणसांवर प्रयोग केला आणि निकोलस ब्लूम व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा हिशोब २०१५ साली प्रसिद्ध केला. घरून काम करणाऱ्यांचे काम १३ टक्क्यांनी वाढले. पण त्याच हिशोबात आणखी दोन गोष्टी आहेत. बढती देताना घरी बसलेले मागे पडले, कारण ते साहेबाच्या नजरेसमोर नव्हते. आणि प्रयोग संपल्यावर घरून काम करणाऱ्यांपैकी निम्मे जण ऑफिसात परतले. एकटेपणाला ते कंटाळले होते. याच कंपनीत पुढे आठवड्यातून दोन दिवस घरी, तीन दिवस ऑफिसात अशी रीत ठेवून पाहिली. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या हिशोबाप्रमाणे नोकरी सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण एक तृतीयांशाने घटले आणि त्याचा मोठा लाभ स्त्रियांना झाला. पूर्ण घरीही नको आणि पूर्ण बाहेरही नको, असे हे प्रकरण दिसते.

आपल्या देशात टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने आपल्या २०२२-२३ च्या वार्षिक अहवालात मोकळेपणी लिहिले की पूर्वी त्यांच्याकडे नोकरी सोडण्यात स्त्रिया पुरुषांच्या बरोबरीने किंवा कमीच असत, त्या वर्षी मात्र त्या पुढे गेल्या. घरून कामाच्या काळात घरची व्यवस्था नव्याने बसली आणि ती पुन्हा मोडणे काही जणींना जमले नाही, असा त्यांच्या अधिकाऱ्यांचा अंदाज होता. आमच्या मोहल्ल्यातील पुण्याच्या मुलींचे तसेच झाले. कंपनीने परत बोलावले तेव्हा एक गेली, एकीने नोकरी सोडली. सोडणारीला कोणी सांगितले नाही की सोड. घरात वर्षभर जो कारभार तिच्या अंगावर आला होता तो परत घ्यायला कोणी पुढे झाले नाही, एवढेच. तिची कमाई घरात सर्वांना हवी होती. (पत्नीची कमाई ही तिचीच मिळकत, हा शरियतचा मसला आपण निकाहाच्या बोलणीत मोठ्या आवाजात सांगतो. त्या कमाईमागचा वेळ कोणाचा, हे कोणी विचारत नाही.)

कायदा काय म्हणतो? प्रसूतीच्या रजेबाबत २०१७ साली दुरुस्ती झाली. रजा २६ आठवड्यांची झाली, आणि रजा संपल्यावर काम तशा स्वरूपाचे असेल तर मालक व स्त्री यांनी आपसात ठरवून ते घरून करता येईल, असेही लिहिले गेले. हीच तरतूद २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. पण ती दहा किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेला. आपल्या बाजारातील बऱ्याचशा पेढ्यांवर दहा माणसे कुठे असतात? त्या संहितेत घरी काम करणाऱ्या कामगाराची व्याख्याही आहे. १९४८ च्या किमान वेतन कायद्यानेही घरी माल नेऊन काम करणाऱ्याला कामगार म्हटले होते. व्याख्यांची वाण पूर्वीही नव्हती. जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९६ साली घरकामगारांविषयी करार केला, आणि तो व्हावा म्हणून अहमदाबादच्या इला भट्ट यांच्या ‘सेवा’ने खूप खटपट केली. तरी भारताने त्यावर अद्याप मान्यतेची मोहोर उमटवलेली नाही. कामाची वेळ संपल्यावर फोन न उचलण्याचा हक्क असावा, असे खासगी विधेयक बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत २०१८ साली मांडले आणि २०२५ साली पुन्हा मांडले. पोर्तुगालमध्ये असा कायदा २०२१ साली झाला. तिथे मालकाने वेळेबाहेर निरोप पाठवू नये असे बंधन आहे.

आपल्याकडे कायदा येईल तेव्हा येईल. पण काही गोष्टी अशा आहेत की त्या करण्यासाठी व्यापाऱ्याला कोणाची परवानगी लागत नाही. त्यांतील पहिली म्हणजे चोपडी. घरी काम नेणाऱ्या प्रत्येक बाईजवळ एक लहान चोपडी असावी आणि तिच्यात माल किती दिला, दर काय, कधी परत घेणार, किती छाटला आणि का, हे दोन्हीकडच्या सहीने लिहावे. दर तर दुकानात फळ्यावर लावावा. कारखान्यात दहा जणी शेजारी बसतात, म्हणून एकीला काय मिळते ते दुसरीला कळते. घरी बसलेलीला शेजारच्या गल्लीतला दर कळत नाही आणि मुकादम तिथेच आपले खिसे भरतो. व्यापाऱ्याने दिलेला दर आणि बाईच्या हाती पडलेला दर यांत किती तफावत आहे, हे फळा लावल्याबरोबर उघड होते. काही बंधू म्हणतील की दर लावला तर शेजारचा दुकानदार दोन पैसे वाढवून बायका पळवील. पळवू द्या, चांगली शिलाई टिकवायची तर तो धोका पत्करावाच लागतो.

हिशोब लिहिणाऱ्या त्या मुलीने स्वतःच एक उपाय केला. तिने सहाही व्यापाऱ्यांना सांगितले की बिले दर शनिवारी दुपारी चारपर्यंत एकत्र द्या, त्यानंतर आलेले पुढच्या आठवड्यात जाईल. रात्री आठनंतर फोन सासऱ्यांजवळ राहील. दोन व्यापारी रागावून सोडून गेले. त्यांतील एक तीन महिन्यांनी परत आला, कारण दुसरीकडे त्याचे विवरण उशिरा गेले आणि विलंब शुल्क भरावे लागले. उरलेल्या चौघांचे म्हणणे असे की आठवड्याला बिले जमवण्याची सवय लागल्यापासून त्यांची स्वतःचीही कटकट कमी झाली. या व्यवस्थेत आम्हाला सर्वांत आवडली ती सासऱ्यांची भूमिका. रात्री फोन वाजला की ते सांगतात, “सूनबाई कामावरून घरी आल्या आहेत, उद्या करा.” ती दिवसभर घरातच होती हे त्यांना ठाऊक असते.

हंगामाचा प्रश्न मात्र एकट्या बाईने सुटणारा नाही. तो भांडवलाचा आहे आणि तो आपल्यालाच सोडवावा लागेल. कापड उशिरा घ्यायचे म्हणजे व्याज वाचते, असा आपला हिशोब. तो करून पाहू. समजा दोन हजार शर्टांचे दोन लाखांचे कापड महिनाभर आधी घेतले आणि व्याज महिन्याला शेकडा एक धरले, तर दोन हजार रुपये झाले. नगामागे एक रुपया. घाईत रात्री शिवलेल्या मालात किती शर्टांची कॉलर वाकडी निघते, किती परत येतात, ते प्रत्येकाने आपल्या चोपडीत पाहावे आणि हा रुपया महाग की स्वस्त ते ठरवावे.

आणखी एक गोष्ट आपल्या बाजूने आहे. रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. २०२७ साली तो फेब्रुवारीत सुरू होईल, २०२८ आणि २०२९ मध्ये जानेवारीतच. म्हणजे येती काही वर्षे ईदचा माल आणि गणवेशाचा माल एकमेकांवर चढणार नाहीत. ईद झाली की आठवडाभर बायकांना मोकळे सोडून मार्चच्या अखेरीपासून गणवेशाचे कटिंग थोडे थोडे घरी देत गेले, तर उन्हाळा तापण्याआधी निम्मा माल हाती येतो. त्यासाठी कापडाचा सौदा जानेवारीतच व्हायला हवा, आणि गेल्या वर्षी अंगाचे माप दिलेल्या शाळांना डिसेंबरमध्येच एक चक्कर मारून यायला हवे.